पाळी चुकली कधी ते नको, आली कधी ते सांग

तीन सोनोग्राफ्या केल्या, तिन्हींवर डिलेव्हरीची तारीख वेगळी, मग सिस्टर आता धरायची कोणती? हा प्रश्न मला इतक्यांदा विचारतात ना बाप्पा, की म्हटलं एकदा बसून लिहूनच टाकावं. उत्तर तसं एका ओळीचं आहे, सगळ्यात आधी जी केली ती. पण ते का, हे सांगायचं तर पाल्हाळ लागणार, कारण या एका तारखेपायी आमच्याकडे जे काय होतं ते बाहेरच्यांना खरं वाटत नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यात एका उपकेंद्रावर सिस्टर आहे. गावाचं नाव लिहीत नाही, नाहीतर उद्या सगळ्या जणी येऊन विचारतील की हे माझ्याबद्दल लिहिलं का. माता बाल संरक्षण कार्डावर बाकी सगळं आपण दर खेपेला नव्याने तपासतो, वजन, बीपी, हिमोग्लोबिन, बाळाचे ठोके, पण शेवटच्या पाळीची तारीख हा रकाना एकदा भरला की भरला, त्याला परत कोणी हात लावत नाही आणि त्याच्यावर कोणी शंकाही घेत नाही. आणि पुढचं सगळं त्याच्यावर उभं. कळा आल्या तर दिवस भरले म्हणून इथंच करायचं की कमी दिवसांचं म्हणून १०२ची गाडी बोलवायची, तारीख उलटली म्हणून कळा आणायच्या का, जन्मलेलं बाळ बारीक आहे ते लवकर आलं म्हणून की पोटात वाढलंच नाही म्हणून, सगळं.

हिशोब सोपा आहे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवायचे. नेगेले नावाचा एक जर्मन डॉक्टर होता एकोणिसाव्या शतकात, त्याच्या नावाने हा हिशोब चालतो. आमच्या म्हाताऱ्या नऊ महिने नऊ दिवस म्हणतात, म्हणजे नेगेले साहेबांपेक्षा दोनच दिवस जास्त, त्यांना कोणी पुस्तक दिलं नव्हतं. साधारण २८० दिवस. पण यात धरून चाललंय की पाळी २८ दिवसांची आहे, चौदाव्या दिवसाच्या आगेमागे बीज सुटतं, आणि मुख्य म्हणजे बाईला तारीख आठवते. तिथंच तर सगळं अडतं.

२०२४ ची दिवाळी झाल्यावर ऐन वेचणीच्या धांदलीत एक जण नोंदणीला आली, सोबत सासू. मी विचारलं पाळी कधीची.

"दसऱ्याची."

दसरा त्या वर्षी १२ ऑक्टोबरला. लिहून टाकलं असतं तर डिलेव्हरीची तारीख निघाली असती १९ जुलै आणि मी मोकळी. पण मला या उत्तराची सवय आहे, म्हणून विचारलं, "दसऱ्याले आली होती का चुकली होती?"

"चुकली नं वो. आली असती तं तुमच्याकडे कायले आली असती मी?"

"मंग त्याच्या आधीची कधी आली?"

"आता ते काय ध्यानात राह्यते का सिस्टर."

मग मी सासूकडे वळले. "मावशी, महालक्ष्म्यांच्या सैपाकाले सून होती का तुमच्या हाताखाली?"

सासू जी पेटली! "कुठची वो! महालक्ष्म्या बसवाच्या दिवशीच बाहेर बसली हे. सोळा भाज्या, आंबील, पुरण, सगळं म्या आन् माह्या जावेनं केलं. चाळीस पानं उठले घरात."

झालं. महालक्ष्म्या त्या वर्षी बसल्या १० सप्टेंबरला. तारीख निघाली १७ जून. एका महिन्याचा फरक, आणि तो मिटला सासूच्या रागावरून. नंतर नवव्या-दहाव्या आठवड्यात सोनोग्राफी झाली तर तीही त्याच्याच आसपास आली. बाहेर बसवण्याची पद्धत मला स्वतःला अजिबात पटत नाही, माझ्या घरी मी ती ठेवली नाही, पण तारीख शोधायला तिच्याइतकं पक्कं काही नाही हेही खरं आहे, कारण कोणत्या पूजेला सून नव्हती ते अख्ख्या घराला पाठ असतं, तिला स्वतःला नसलं तरी.

म्हणून मी जुनी कॅलेंडरं फेकत नाही. नवरा म्हणतो रद्दी जमवून ठेवली. पण बघा, पोळा २०२३ ला १४ सप्टेंबरला होता कारण त्या वर्षी अधिक महिना आला होता, २०२४ ला २ सप्टेंबर, २०२५ ला २२ ऑगस्ट. दोन वर्षांत २३ दिवस इकडचे तिकडे. "पोळ्याच्या टायमाले" ऐकलं आणि अंदाजाने ऑगस्ट एंड लिहिलं की तीन आठवडे तिथंच गेले.

आणि ज्यांना आठवायला पाळीच आली नाही त्यांचं काय? पहिलं पोट्टं अंगावर पीत असतं, पाळी सुरूच झालेली नसते आणि मधेच दिवस राहतात, बाईला वाटतं दूध पाजतो म्हणून येऊन नाही राहिली, आणि एक दिवस पोटात फिरायला लागलं की कळतं. अंतराचं, म्हणजे पाळणा लांबवायचं, इंजेक्शन घेतलेल्यांची तीच गत, तीन तीन महिन्यांनी घ्यायचं ते इंजेक्शन, त्यात पाळी बंद होते बऱ्याच जणींची, आणि सोडल्यावर परत सुरू व्हायला कितीतरी महिने लागतात. कोणाची पाळी दीड दीड महिन्याने येते, तिला २८ दिवसांचा हिशोब लावला की बाळ आहे त्याच्यापेक्षा अडीच आठवडे मोठं निघतं कागदावर. कोणाला दिवस राहिल्यावर सुरुवातीला थोडं डाग लागल्यासारखं होतं आणि ती तीच पाळी धरते, तिथं उलटं, बाळ मोठं आणि कागदावर लहान. आणि काही जणी काहीच आठवत नाही म्हणून "लिहा नं पंधरा तारीख" म्हणतात. कोणतंही जुनं रजिस्टर उघडून बघा, १, १०, १५, २० याच तारखांना बायकांच्या पाळ्या आलेल्या दिसतील. देवाने काय या चारच तारखा ठेवल्या होत्या का पाळीला?

अजून एक गोष्ट आहे ती उघड कोणी बोलत नाही. मातृवंदना योजनेच्या पहिल्या हप्त्यासाठी शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत नोंदणी आणि निदान एक तपासणी लागते. बारा आठवड्यांच्या आत किती नोंदण्या केल्या ते मीटिंगमध्ये विचारतात. मग उशिरा आलेल्या बाईची तारीख कुठे कुठे हळूच पुढे सरकते. बाईला पैसे मिळावे हाच हेतू असतो, वाईट काही नसतं कोणाच्या मनात, पण कागदावर ती बाई तेवढे आठवडे मागे जाते आणि नववा सरता सरता सगळे म्हणत राहतात, अजून टाइम आहे.

टाइम नसतो. ४२ आठवड्यांच्या पुढे वार नीट काम करेनाशी होते, पाणी कमी होतं, बाळ पोटातच संडास करतं आणि कधी कधी ठोकेच सापडत नाहीत. अशा वेळी तारीख बरोबर असती तर ४१ ला तिला पाठवली असती.

आता हे नागपूरचं सांगते, कारण आपल्याच भागातलं आहे आणि फार कमी जणांना माहीत आहे. कमी दिवसांचं बाळ येणार असं दिसलं की आईला डेक्सामेथासोन देतात, ६ मिलिग्रॅम, बारा बारा तासांनी, चार वेळा, २४ ते ३४ आठवड्यांच्या मधे. त्याने बाळाची फुफ्फुसं लवकर तयार होतात. २०१४ च्या केंद्राच्या सूचनांप्रमाणे पुढे पाठवायच्या आधीचा पहिला डोस आमच्यासारखी सिस्टरही देऊ शकते. औषध स्वस्त, मोठ्या दवाखान्यांत वर्षानुवर्षं वापरलेलं. तर एक मोठा अभ्यास झाला की हेच गावपातळीपर्यंत नेलं तर किती बाळं वाचतील. सहा देश, जवळपास एक लाख बाळंतपणं, भारतात दोन ठिकाणं, बेळगाव आणि नागपूर. निकाल २०१५ मध्ये लॅन्सेट नावाच्या डॉक्टरी नियतकालिकात छापून आला आणि तो उलटाच निघाला. जी बाळं खरंच लहान होती त्यांचे मृत्यू कमी झाले नाहीत, आणि सगळी बाळं मिळून बघितली तर हजारामागे साडेतीन मृत्यू जास्त झाले, आयांना इन्फेक्शनही जास्त.

का झालं यावर डॉक्टर लोकांनी पुष्कळ डोकं लावलं, पण एक कारण सगळ्यांना दिसत होतं, बायकांचे आठवडेच पक्के माहीत नव्हते. जिथं पाळीची तारीख नाही आणि सोनोग्राफी नाही तिथं पोटाची उंची टेपने मोजून ठरवलं जात होतं. ज्यांना इंजेक्शन मिळालं त्यातल्या बहुतेक जणींची बाळं तेवढी लहान नव्हतीच, म्हणजे ज्यांना गरज नव्हती त्यांना टोचलं. नंतर २०२० मध्ये डब्ल्यूएचओचा दुसरा अभ्यास आला, पाच देश, २९ दवाखाने, सोनोग्राफीने आठवडे पक्के केलेल्या बायका, तेच औषध, आणि यावेळी मृत्यू कमी झाले. तिथं लहान बाळाला सांभाळायची सोय होती, तोही फरक आहेच, नाही कशाला म्हणू. पण मला यातून जे दिसतं ते हे की औषध तेच, सिरिंज तीच, फक्त बाई कितव्या आठवड्यात आहे हे माहीत असणं-नसणं एवढ्यावर ते बाळाच्या कामी येतं नाहीतर अंगावर येतं.

टेप आम्हीही लावतो, हात लावूनही बघतो, चोविसाव्या आठवड्यात गर्भाशय बेंबीपाशी, छत्तिसाव्यात छातीच्या हाडाखाली, चाळिसाव्यात परत थोडं खाली उतरतं. पण जुळं असलं, पाणी जास्त असलं, बाई अंगाने जाड असली किंवा बाळ बारीक असलं की हाताचा अंदाज चुकतो. हाताने बाळाचा आकार कळतो, वय नाही कळत.

उशिरा केलेल्या सोनोग्राफीचंही नेमकं हेच आहे, आणि हेच त्या तीन तारखांचं उत्तर. सोयाबीन उगवल्यावर पहिल्या आठवड्यात कोणाच्याही वावरात बघा, सारखंच दिसतं, महिन्याभराने मात्र एकाचं गुडघ्याला लागतं आणि दुसऱ्याचं पोटरीपर्यंतच असतं. बाळाचं तसंच. पहिले तीन महिने डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजतात, ती श्रीमंताच्या लेकीची असो की मजुराच्या, सारख्याच वेगाने वाढते, म्हणून त्यावरून काढलेली तारीख पाच-सात दिवसांच्या आत बरोबर येते. पाचव्या महिन्यात केली तर दहा दिवस इकडे तिकडे. आणि सातव्यानंतर तीन आठवड्यांचाही फरक पडू शकतो, कारण तेव्हा मशीन बाळाचं डोकं, पोट, मांडीचं हाड मोजून सांगतं की या मापाचं बाळ साधारण इतक्या आठवड्यांचं असतं. मापाचं! तुमचं बाळ त्या मापाचं असायलाच पाहिजे असं कुठं आहे.

यातला धोका लक्षात घ्या. बाईला बीपी आहे, किंवा सिकलसेल आहे, आपल्या विदर्भात तर गावोगावी आहे तो, किंवा नुसतं अंगात रक्त नाही, म्हणून बाळ पोटात नीट वाढून नाही राहिलं. आठव्या महिन्यात पहिली सोनोग्राफी होते, मशीन म्हणतं ३० आठवडे. घरचे खूश होतात, "तारीख पुढं गेली वो सिस्टर, अजून टाइम आहे." अरे तारीख पुढं नाही गेली, बाळ मागं पडलं! पण सुरुवातीची तारीख पक्की नसेल तर हे म्हणायला तुमच्या हातात काय आहे? काहीच नाही. उपाशी राहिलेलं बाळ कागदावर आरामात लहान वयाचं होऊन बसतं.

आणि उलटंही बघितलंय मी. एकीचं पहिलं दीड वर्षाचं, अंगावर पिणारं, मधे पाळीच नाही, घरच्यांनी आखाजीपासून मोजायला सुरुवात केली आणि तोच हिशोब कार्डावर चढला. त्या हिशोबाने ४१ आठवडे झाले, कळा नाहीत, एका खाजगी दवाखान्यात नेलं, तिथं कळा आणल्या. बाळ झालं एकोणीसशे ग्रॅमचं. मी नंतर एसएनसीयूमध्ये, म्हणजे आजारी नवजात बाळांना ठेवतात तिथं, जाऊन बघितलं त्याला. तळपाय गुळगुळीत, रेघा फक्त बोटांच्या बाजूला, कान दुमडला तर पटकन उलटत नव्हता, पाठीवर लव, आणि श्वास घेताना कण्हल्यासारखा आवाज. तिथल्या डॉक्टरांनी तपासून ३५ च्या आसपास सांगितलं. पोटात अजून महिनाभर आरामात राहिलं असतं ते. वाचलं, आता अंगणवाडीत जातं आणि लय मस्तीखोर आहे, पण त्याच्या आईने किती दिवस त्या काचेबाहेर काढले ते तिलाच माहीत.

परदेशातले जुने अभ्यास आहेत, सोनोग्राफी घरोघरी पोहोचायच्या आधीचे, त्यातही दिसलंय की ज्या बायकांना तारीख सांगता येत नाही त्यांच्यात कमी दिवसांची, कमी वजनाची आणि दगावलेली बाळं जास्त. पण तारीख विसरल्याने बाळ बारीक होत नाही हो. तारीख कोणाला सांगता येत नाही ते बघा, जिला दोन पोरांत अंतर मिळालं नाही, जी वेचणीला नाहीतर वीटभट्टीवर दुसऱ्या गावी होती, जी पाचव्या महिन्यापर्यंत कोणाला दाखवायला गेली नाही, जिचं स्वतःचंच वय अठरा धरून चालवलंय. तारीख नसणं ही त्या बाईबद्दलची आधीच वाजलेली घंटी आहे. म्हणून मला वाटतं की रकान्यात खोटी गुळगुळीत तारीख टाकण्यापेक्षा बाजूला पेनाने "नक्की नाही" लिहावं. पुढचा डॉक्टर निदान सावध होतो.

आणि ते "सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही" हे कोणी काढलं देव जाणे. जितके आठवडे जास्त पोटात तितकं बाळ भक्कम, यात आठव्याला काही शाप नाही. मोजण्यातच सगळा घोळ असल्यावर जगलेलं ते सातव्यातलं आणि गेलेलं ते आठव्यातलं असं म्हणायला कोणाला काय लागतं. लग्नानंतर सात महिन्यांत झालेलं तीन किलोचं पोट्टं पण सातव्यातलंच असतं, तिथं मी तोंड उघडत नाही.

लवकर सोनोग्राफी करा म्हटलं की काय काय ऐकावं लागतं. तीन महिने कोणाला सांगायचं नाही, नजर लागते. बाळाला किरणं लागतात. किरणं बिरणं काही नसतात त्यात, आवाजाच्या लहरी असतात, एक्स-रे वेगळा. मग पैसे, मग गाडी, मग तालुक्याला अख्खा दिवस, मजुरी बुडते. गर्भलिंग कायद्यामुळे मशीन नोंदणी असलेल्या जागीच चालतं, फॉर्म भरावा लागतो, ओळखपत्र लागतं, तो कायदा पाहिजेच, पण आधार घरी विसरलं की बाई तशीच परत येते आणि नंतर जातच नाही. "एकच करायची तं पाचव्या महिन्यातली करतो, त्यात सगळं दिसते" हे तर घरोघरी. डब्ल्यूएचओने २०१६ मध्ये म्हटलं की २४ आठवड्यांच्या आत निदान एक झालीच पाहिजे, तेव्हा पाचव्यातली झाली तरी मी भांडत नाही. पण बारा आठवड्यांच्या आतली मिळाली तर सोनं. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्वचा कॅम्प असतो, त्यात नाव घालता येतं, आणि आशाताईकडे निश्चय किट असतं, पाळीला आठवडा उशीर झाला की फुकटात कळतं, कोणाला सांगायची गरज नाही. आशाताईच्या पोटात राहतं, काळजी नको.

तर ती लवकर केलेल्या पहिल्या सोनोग्राफीवरची तारीख पक्की धरायची आणि नंतरच्या रिपोर्टवर छापून आलेली नवी तारीख बघून बदलायची नाही. नंतरच्या सोनोग्राफ्या बाळ कसं वाढतंय ते बघायला असतात. डॉक्टर घाईत असले तर तुम्हीच म्हणा, पहिली इतक्या तारखेची आहे साहेब, ही बघा.

पण दाखवायला ती जवळ पाहिजे ना. पहिलं बाळंतपण माहेरी, बाई सातव्यानंतर तिकडे जाते, नवीन गाव, नवीन सिस्टर, कधी कधी नवीन कार्ड, आणि पहिला रिपोर्ट सासरी कपाटात साड्यांच्या खाली. म्हणून मी आता प्रत्येकीला सांगते की रिपोर्टचा फोटो काढ आणि आईच्या, भावाच्या, माझ्या, जमेल त्याच्या मोबाईलवर पाठवून दे. परवा एकीने पाठवला बरोबर रात्री साडेदहाला, उघडून बघते तर राशन कार्ड.